मुक्काम वेगळा, पोस्ट वेगळं

यंदा राज्याच्या फॉर्मवर, पहिल्याच पानावर
दोन नव्या ओळी उगवल्यात.
तुमची काउंटी कोणती.
आणि टपाल जातं तिथेच राहता का;
नसाल, तर प्रत्यक्षात कुठे राहता, लिहा.

ओफेलिया बारागान चष्मा कपाळावर सरकवते.
एकोणीस सीझन झाले तिला या खुर्चीत.
शेजारच्या फल्लाच्या दुकानात डोनट तळतात,
तो वास भिंतीतून झिरपून तिच्या फाइलींना लागतो.
लोक म्हणतात, तुझ्याकडून आलेला रिफंडही गोड लागतो.
आकड्यांनी तिला कधी छळलं नाही.
पण हे आकडे नाहीत.

गुरतेज ट्रक चालवतो. पत्ता चुलतभावाचा.
"आणि झोपतोस कुठे?"
"जिथे डिझेल स्वस्त, तिथे."
ती हसते, तोही हसतो,
चौकट तेवढी लाल होऊन बसते, हटून,
रिकामी ठेवाल तर पुढचं पान उघडणार नाही.

मिरेया पन्नास मिनिटं फोन कानाला लावून आहे,
खात्याच्या मदतकेंद्राचं तेच ते संगीत,
मध्ये एक बाई येते नि म्हणते, जे खरं आहे ते लिहा.
बस्स. फोन बंद.

मग वेंडेल. त्याचं टेकडीवरचं घर
सप्टेंबरच्या वणव्यात गेलं.
टपालपेटी तेवढी उभी राहिली,
रंग पोळलेला, झेंडा वर केलेला.
पोस्टमन अजून त्यात विजेचं बिल टाकून जातो.
"मग पोस्ट तिथलं," ओफेलिया म्हणते, "आणि मुक्काम?"
"मेहुणीचं गॅरेज. पण ते लिहू नको."
"का?"
"लिहिलं की खरं होईल."
ती काउंटीची यादी उघडते, वरखाली करते,
जणू अठ्ठावन्न नावांत एखादं चुकून सुटलं असेल.

एक मुलगी कोट न काढताच बसली.
हळूच विचारलं, गाडीचा नंबर चालेल का?
नाही चालत. घरक्रमांक लागतो.
ग्रंथालयामागचं पार्किंग टाकून पाहिलं :
पत्ता सापडला नाही.
तिची फाइल "अपूर्ण"च्या ट्रेमध्ये आहे,
वर एक डोनट, कागदी रुमालात.

बाहेर बदामाच्या बागा फुलल्यात, धुक्यात दिसत नाहीत.
लुंडक्विस्टबाई येतात, पर्समध्ये सगळं क्लिपा लावून.
सत्तेचाळीस वर्षं दोघांचं एकच रिटर्न,
सही आधी त्यांची, मग त्याची.
तो ऑक्टोबरपासून स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात,
काउंटीच्या हद्दीपलीकडे, अकरा मैलांवर.
चौकट एकच आहे.
"माझं घर लिही," बाई म्हणतात.
मग म्हणतात, "थांब. रोज मला विचारतो,
घरी कधी जायचं.
मी म्हणते, हेच घर.
आता इथे दुसरंच लिहिलं
तर मी त्याच्याशी खोटं बोलले ठरेन ना?"

ओफेलियाला सूचनापत्रक पाठ आहे.
पान सोळा, पान सतरा, अपवाद, तळटीप.
त्यात नवरा आहे, बायको आहे,
विचारणारा नवरा नाही.

ती बाईंचं घर लिहिते. नियम तसाच आहे.
बाई वाचतात, बोट ठेवून, अक्षर न् अक्षर,
आणि सही करतात. दुसऱ्या जागी
अधिकारपत्राच्या जोरावर
त्याचं नाव, स्वतःच्याच अक्षरात.

दिवे मालवायच्या आधी ओफेलियाची सही :
माझ्या माहितीप्रमाणे खरं, अचूक आणि परिपूर्ण.
खरं आहे.
अचूक? दोनदा तपासलंय.
तिसऱ्या शब्दापाशी कर्सर लुकलुकत राहतो.
पलीकडून फल्ला भिंतीवर दोन टकटक करतो,
म्हणजे उरलेत, घेऊन जा.
ती ओरडते, "येते!"
आणि सही करून टाकते.