पीळ

हिद्दच्या गोदीत मी दोर सांभाळतो.
मनगटाएवढे जाड, नायलॉनचे, निळे.
त्यांना वास नाही.
रात्रभर पाण्यात राहिले तरी सकाळी
ते कुणाचेच नसतात.

फिन्टनची शेवटची रात्र होती.
एकवीस वर्षं त्यानं जहाजांचा गंज तपासला,
आता दुखरे गुडघे घेऊन घरी निघाला होता.
मेसच्या गच्चीवर आम्ही सातजण,
खाली काळ्या पाण्यात टँकरचे दिवे,
आणि ऑगस्टची हवा अशी, की
कुणीतरी ओला टॉवेल तोंडावर धरलाय.

रॉमेल म्हणाला, गाणं म्हण.
म्हणतो, पण कुणीतरी हात धरा.
आम्ही हसलो.
तो हसला नाही. आमच्या गावात असंच, म्हणाला,
जुनं गाणं एकट्याला ओढवत नाही.
मी शेजारी होतो, म्हणून मी धरला.

त्यानं डोळे मिटले. पेटी नाही, ताल नाही,
नाकातून निघून घशात वळणारा आवाज,
आणि पहिल्याच कडव्यात त्याची मूठ
माझी मूठ घेऊन हळूहळू फिरू लागली,
वर, पुढे, खाली, मागे,
वर, पुढे, खाली, मागे.

शब्द एक कळेना.
पण हे मला येत होतं.

शिरोड्याला, खाडीच्या कडेला,
रहाटाचा दांडा माझ्या हातात, मी आठ वर्षांचा,
शाळेचा सदरा काढून खुंटीला.
आयेच्या कमरेला काथ्याचं बोचकं,
दोन्ही हातांनी धागा सोडत ती उलटी चालतेय,
एक पाऊल मागे, एक पाऊल मागे,
तोंड माझ्याकडे.
कुजलेल्या सोडणांचा वास अंगणभर.
"फिरय रे सगुणा, थांबा नको,
थांबलस तर गाठ पडतली."
मी फिरवतो, सुंभ वाढतो,
आणि जेवढा वाढतो तेवढी आये लहान होते,
एका माडाच्या अंतरावर, मग दोन माडांच्या,
मग वईपलीकडे नुसतं तिचं हिरवं लुगडं.
सुंभातून मात्र तिची बोटं मला कळत.
ती खोकली, तरी कळायचं.

(सुंभ जळला तरी पीळ जळत नाही:
गुरुजींनी वाक्यात उपयोग करायला सांगितला.
मी लिहिलं, आमचा सुंभ जळत नाही, आम्ही तो विकतो.
शून्य.)

अकरावं कडवं. बारावं.
कोल्लमचा शाजहान ग्लास खाली ठेवून
माझ्या मनगटाकडेच बघत होता.
त्यांच्याकडेही काथ्या असतो.
रॉमेलनं फोन वर केला,
फिन्टननं न बघताच मान हलवली, नको.

शेवटची ओळ तो गायला नाही,
साध्या आवाजात बोलला, भाव विचारावा तशी.
मी म्हटलं, काय होतं रे? समुद्र? मुलगी?
गाय, म्हणाला.
एका माणसानं बाजारात गाय विकली,
पैसे मोजून घरी आला,
आणि अठरा कडवी तो रिकाम्या दाव्यापाशी उभा आहे.
बाप म्हणायचा, धार काढताना.
मधेच बादलीतला आवाज थांबायचा,
तेव्हा आम्ही पोरं श्वास धरायचो.

मी हसलो. मग ते हसू कुठे ठेवायचं कळेना.

एजंटला द्यायचे शेवटचे दीड हजार कमी होते.
वेंगुर्ल्याहून परतलो तर अंगणात
रहाटाच्या खुंटांचे दोन खड्डे,
आणि आये पायानं त्यांत माती लोटत होती,
कोंबड्या हाकलाव्यात इतक्या सहज.
मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.
त्यावर कुणी कडवी रचली नाहीत.

खुर्च्या सरकल्या. विमान पहाटेचं होतं.
संपलं गाणं, फिन्टन हळूच म्हणाला.
माझी मूठ अजून फिरत होती.
त्यानं हात सोडवून घेतला नाही.
थांबलोही असतो,
पण वईच्या पलीकडे कुणीतरी
अजून उलटं चालत होतं.