मानेला टोचतं

फॉल रिव्हर. चर्चच्या तळघरातलं जुन्या कपड्यांचं दुकान.
मंगळवारी आणि शनिवारी मी इथे बसते,
चष्मा नाकाच्या टोकावर.
आधी कॉलर उलटून बघते, किंमत नंतर.
सवयच ती. लोक आडनाव विचारतात ना, तसं.

होंडुरास. व्हिएतनाम. एकावर काहीच नाही.
शिलाई वाईट नसते हो, उगाच कशाला बोलू.
कधी बगलेतला एखादा टाका तिरका गेलेला असतो,
तो मला ओळखीचा वाटतो:
साडेचार वाजले असणार तिथे,
आणि सुपरवायझर पाठीशी उभा.

काल एक कोट आला. गडद हिरवा, लोकरीचा,
अस्तर फाटलेलं, बटणं मात्र पाचही शाबूत.
कॉलरखाली बोटाएवढी पट्टी,
निळ्या धाग्यात युनियनचा शिक्का,
आणि डाव्या कोपऱ्यात
तीन टाके माघारी.

माघारी दोनच घालायचे, असा नियम होता.
तीन फक्त मी घालायचे.
इदालिना, दोरा काय बापाच्या घरून आणतेस?
मुकादमीण ल्युसिल ओरडायची.
डझनाला एकोणीस सेंट, तिसरा टाका फुकट.
पण माझं लेबल कधी सुटलं नाही.

अकरा वर्षं मी दुसरं काही शिवलं नाही.
बाह्या कुणी, खिसे कुणी, काजं मारिया दु कार्मु.
कोट माझ्याकडे यायचा तेव्हा पुरा झालेला असायचा,
फक्त बिननावाचा.
त्या पट्टीत काय काय होतं
ते पट्टीवर लिहिलेलं नव्हतं:
फाटकाबाहेर बर्फात सहा आठवडे,
बटाटा आणि केलच्या पानांचं पाणीदार सूप,
माझा पहिला चष्मा, युनियनच्या दवाखान्यातला,
ज्यातून पहिल्यांदा दिसलं
की टेकडीवरच्या झाडांना
सुटी सुटी पानं असतात.

मग मशिनी गेल्या.
आदल्या रात्री आन्सेल्मोनं एकेकीला तेल पाजलं,
पायट्या पुसल्या, नव्या सुया बसवल्या,
लेकीची पाठवणी करावी तसं.
मालक म्हणाला, अरे, त्या आता आपल्या नाहीत.
तो म्हणाला, म्हणून तर.
खोक्यांवर गावाचं नाव स्पॅनिशमध्ये,
माझ्या पोर्तुगीजला अर्धंमुर्धं कळलं.
तिथे चौदा नंबरवर कुणीतरी बसली असेल.
तिला सांगितलं असेल का कुणी,
की चौदा नंबर थंडीत अडते,
आधी दोन मिनिटं रिकामी चालवावी लागते?
तिथे थंडीच नसेल म्हणा.

आज दुपारी कोट गेला. आठ डॉलर.
विशीतली मुलगी, नाकात चमकी,
आरशासमोर दोनदा गिरकी घेतली.
खांद्यावर छान बसला. तो खांदा ओलिंडाच्या हातचा,
बसणारच.
मग मानेमागे बोटं नेत म्हणाली,
काहीतरी टोचतंय इथे. कात्री आहे?

होती. समोरच होती.
मी म्हटलं, कापू नकोस,
दोऱ्याची टोकं राहतात मागे, ती जास्त टोचतात.
दे इकडे.

उसवणी माझ्या पर्समध्ये असतेच.
तीन बाजू झरझर निघाल्या.
डाव्या कोपऱ्याशी बराच वेळ गेला.
किती घट्ट शिवलंय, मुलगी म्हणाली.
हो ना. असेल कुणी चिवट बाई.

जिना चढताना कोटाची पाठ दिसली,
सरळ, कुठे सुरकुती नाही.
पट्टी माझ्या तळहातावर.
कडेनं अठ्ठावीस भोकं,
दिव्यासमोर धरली तरच दिसतात.
सुट्ट्या पैशांच्या डब्यात टाकली.
मग काढली.
मग पुढचा शर्ट ओढला, कॉलर उलटली.