माया

ब्लाउजच्या बाजूला, शिवणीच्या आत,
बोटभर कापड जास्तीचं सोडतात,
त्याला आम्ही माया म्हणतो.
हे मी नर्स केरिसला सांगत होते,
ती माझ्या पोटाभोवती टेप धरून उभी,
आणि टेप मागून तिरकी गेलेली.
'सरळ धर गं,' म्हटलं, 'मी चाळीस वर्षं हेच करतेय.'
ती हसली. दोन सेंटिमीटर वाढले.

स्वान्सीत लाँड्रीच्या वरच्या खोलीत
माझं मशीन आहे. लोकांच्या पँटी आखूड करते,
वेल्श नवऱ्या मुलींचे झगे कमरेत घेते.
सत्त्याण्णव साली मात्र माझेच ब्लाउज उसवत होते.
त्या वेळच्या गोळ्या, फ्रिजमध्ये ठेवायच्या,
त्यांनी जीव राखला,
आणि भाडं म्हणून गालांवरचं मांस नेलं.
दंड काटक्या झाले, पोट पुढे आलं.
दंडाला आत घेतलं, पोटाला सोडलं,
शिवणीत माया होती तोवर.
मग संपली. मग जंपर घालायला लागले.

ह्यांना त्या गोळ्याही मिळाल्या नाहीत.
सात महिन्यांनी हुकल्या.
ते एवढंच.

आज डॉक्टर अदेयेमी म्हणाल्या, विषाणू सापडत नाही,
वीस वर्षं सापडत नाही, उत्तम आहे.
पण निखारा राखेखाली असतो तसं काहीतरी
आत धुगधुगत राहतं, झळ लागते
रक्तवाहिन्यांच्या आतल्या पदराला.
'अस्तर,' मी मराठीत म्हणाले. त्यांनी मान हलवली,
कळल्यासारखी.
साखर काठावर. दाब थोडा चढा.
कोलेस्टेरॉलची एक गोळी, रात्रीची, नवी.
मग पडदा माझ्याकडे वळवला:
'पुढच्या दहा वर्षांत
हृदयविकाराची शक्यता, अकरा टक्के.'

मी अकराकडे पाहिलंच नाही.
दहा वर्षं?
ह्याच शहरात, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या डॉक्टरांनी
मला एक नाताळ दिला होता,
तोही हात राखून.
मी टेबलाचा कोपरा धरला. त्यांना वाटलं, घाबरले.
पेपर कपात पाणी दिलं.

ग्लिनला फोन केला. पोर्ट टॅलबॉटच्या भट्टीतला म्हातारा,
सत्त्याऐंशीपासूनचा, हृदयात एक जाळी बसवलेला.
म्हणाला, 'विचार कर,
आपल्याला आता बेकनवरून बोलणी बसतात!'
आणि खोकेपर्यंत हसला.
उद्या आठला किनाऱ्यावर ये, म्हणाला,
मंबल्सच्या धक्क्यापर्यंत, भरभर, गप्पा कमी.
गप्पा त्याच जास्त मारतो.

रात्री तूप मोजून अर्धा चमचा.
अर्धाच. जीभ रुसली, रुसू दे.
नवी गोळी जुन्या गोळीशेजारी ठेवली,
एका डब्यात, सोमवारच्या कप्प्यात.
मग कपाटातून काढला तो इरकली खण,
सासूबाईंनी पाठवलेला, घडी न मोडलेला,
आणि खडू घेऊन
माझंच माप टेबलावर आखायला बसले.
दंडाला एक बोट ठेवलं.
बाजूला दोन.
थांबले. कापड पुरत होतं.
तीन ठेवलं.