स्वर सरकतो आहे

तांब्याचा मुलामा असलेली पाटी मी करवतीनं कापते
जेवणाच्याच टेबलावर. पावाचा चुरा आणि तांब्याचा चुरा
एकाच फडक्यानं झटकते.
कोक्रानेच्या दुकानात बटाटे मिळतात,
मेंढ्या भादरायची कात्री मिळते. कपॅसिटर मिळत नाही.
म्हणून वडिलांच्या मेलेल्या रेडिओचं पोट उघडलं,
धुलाईयंत्राच्या मोटारीतून तार उलगडून घेतली
आणि लाल कडीवर वेढे मोजू लागले :
एक, दोन, तीन…
एकोणिसाव्याला कुत्रा भुंकला.
पुन्हा एकपासून.

नकाशा एका पाकिटाच्या पाठीवर,
केयोनहून एवारिस्तोनं पाठवलेला.
त्याच्या हातचा रेझिस्टर म्हणजे दातेरी डोंगर,
कॉइल म्हणजे कुणाची तरी कुरळी बट.
आम्ही कधी भेटलेलो नाही.

पहिला सांधा थंड निघाला. थंडच म्हणतात त्याला :
वरून धरलेला, आतून सुटलेला, राखाडी,
माझ्या दिराच्या हसण्यासारखा.
दुसरा ट्रान्झिस्टर मी स्वतः मारला, स्क्रूड्रायव्हर निसटून.
राळेचा धूर डोळ्यांत गेला होता,
तेवढं निमित्त पुरलं.
मग एका रात्री अँटेनाच्या जागी टॉर्चचा बल्ब जोडला,
कळ दाबली
आणि बल्ब लागला! मिणमिणता, पण लागला.
घरात कुणी नव्हतं. किटलीला सांगितलं.

दोन लेंगा झाडांमध्ये वीस मीटर तार ताणली.
खाली मेंढ्या. वर, म्हणे, आकाशाचा एक थर असा
की त्यावर आपटून माझी कडकट्ट पाचशे किलोमीटर उत्तरेला पडते.
पडली. एवारिस्तो म्हणाला, ऐकू येतेस.
आणि लगेच : पण तुझा स्वर सरकतो आहे.

सरकणारच. दूधपावडरच्या डब्यात बसवलेली कॉइल
चुलीपासून दीड हातावर.
चूल रसरसली की ती केसभर फुगते, स्वर खाली उतरतो.
लाकूड संपत आलं की वर चढत जातो.
तो बिचारा तिकडे बटण फिरवत माझ्या मागे मागे.
बोलणं आमचं ठरलेलं : सिग्नल किती, वारा कुठला,
शेवटी त्र्याहत्तर, म्हणजे लोभ असावा.

जुलैत एकदा माझं वाक्य अर्ध्यात तोडून त्यानं विचारलं,
चूल विझली का?
वळून पाहिलं. विझली होती.
काचेवर आतल्या बाजूनं बर्फ.
मला ताप होता, हे मात्र त्याला कळलं नसावं.

राग आला, खोटं कशाला बोलू.
माझ्या घरातली राख कुणी इतक्या लांबून मोजावी?
आणि कारागीर म्हणून तर फारच लागलं.
उष्णतेला उलट उत्तर देणारे कपॅसिटर मागवले,
बोटीनं यायला अडीच महिने.
डब्याला बाहेरून दुसरा डबा, मधल्या फटीत लोकर ठासली,
न धुतलेली, मेंढीचा वास तशीच धरून असलेली.

ऑक्टोबरात स्वर खिळ्यासारखा उभा.
चूल पेटवली, विझवली, दार सताड उघडलं,
तसूभर हलला नाही.
एवारिस्तोनं पुष्कळ वेळ ऐकून घेतलं.
सुरेख काम, म्हणाला.
मग नुसती खरखर.
मग : आता तिकडचं काहीच कळत नाही.

लोकर मी काढली नाही.
एवढं जमलेलं काम कोण उसवेल?
पण दुसऱ्या रात्री, वारा सांगून झाल्यावर,
त्र्याहत्तरच्या आधी, हात तिथेच थांबला.
लेन्या. म्हणजे सरपण.
त्यातलं तिसरं अक्षर लांबलचक :
दोन रेघा, टिंब, पुन्हा दोन रेघा,
आणि मी ते कधी कुणाला पाठवलं नव्हतं.
'सरपण दोन दिवसांचं उरलंय,' एवढंच वाजवलं,
तेही चुकत.

नीट आलं नाही, तो म्हणाला. पुन्हा सांग.

पुन्हा एकपासून.