संमतीपत्र

फ्रीजच्या दारावर दोन आकडे: कमीत कमी, जास्तीत जास्त.
रात्रीत कुठेही आठच्या वर गेला नाही, दोनच्या खाली आला नाही.
मी वहीत लिहिते, पुढे सही.
मग बर्फाच्या विटा ओट्यावर काढून ठेवते आणि चहा करते.
थेट फ्रीजरमधला बर्फ लशीला गोठवून मारतो.
"आधी त्याला घाम फुटू दे," ग्लेनिस म्हणायची,
"कानाशी धरून हलव. आत पाणी खुळखुळलं, की भर पेटी."
ग्लेनिस गेली त्याला सहा वर्षं झाली.
मी अजून वीट कानाशी धरते.

नगरपालिकेचा हॉल. शनिवारी इथं लग्न झालं असावं,
चालताना बूट बिअरला चिकटतात.
बाहेर धान्याची कोठारं, फेब्रुवारीचं पांढरं ऊन,
तारेवर गुलाबी काकाकुवे कचाकचा भांडतायत.
खुर्च्या मांडते. एक खुर्ची भिंतीला टेकवून,
घेरी येणाऱ्या मोठ्या मुलांसाठी
(लहान रडतात, मोठे पडतात).
अ‍ॅड्रेनलिनची मुदत बघते. कापूस. पट्ट्या.
स्टिकरांतले कांगारू संपलेत, डायनोसॉर उरलेत.

शाळेत लस चुकलेल्या मुलांचा आजचा दिवस.
पहिलं नाव सेर वाह, वय बारा,
नव्या गणवेशाची इस्त्रीची घडी अजून मोडली नाही.
बरोबर आई, बदकांच्या कारखान्यातून रात्रपाळी करून थेट,
स्वेटरच्या कोपराला एक पांढरं पीस.
आई पिशवीतून पिशवी काढते, तिच्यातून प्लास्टिक,
प्लास्टिकातून सीमेवरच्या छावणीतलं कार्ड.
तीन तारखा लागतात.
चौथीवरून कधीतरी पाणी वाहून गेलंय.

मी फॉर्म पुढे सरकवते.
दुभाषी फोनवर मिळेल, म्हणते.
"नको," सेर वाह म्हणते, "मी आहे ना."
आणि मी, रांग बघून, हो म्हणते.

घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला.
मी एक वाक्य बोलते, ती चार बोलते.
मी दुखऱ्या दंडाबद्दल सांगते, तापाबद्दल, पंधरा मिनिटं थांबण्याबद्दल,
तिची करेन भाषा वळणं घेत घेत जाते,
आई मान डोलावते, एकदा हसते,
सही करते, सावकाश, अक्षर अक्षर लावून,
आणि उठून
स्वतःची बाही खांद्यापर्यंत गुंडाळते.

मी सुई हातात घेऊन तशीच.
दंडावर जुन्या लशीचा वण, एक रुपयाएवढा.
आई माझ्याकडे बघते: टोच की.
पोरगी जमिनीकडे,
बास्केटबॉलच्या पिवळ्या रेघेकडे, अगदी मन लावून.

"सेर वाह, तू काय सांगितलंस तिला?"

"सगळं खरं सांगितलं," ती म्हणते.
"फक्त हात बदलला."

मग फोन लावला.
कुठल्या तरी लांबच्या शहरातून एक बाई बोलली,
मागे तिच्या कढईत काहीतरी तडतडत होतं.
आईनं फोन कानाशी धरला, ऐकलं, पुन्हा ऐकलं,
लेकीकडे बघितलं
आणि फोनमधल्या बाईला भलं लांबलचक काही सांगत सुटली.
दुभाषी थोडी थांबली.
मग म्हणाली, "ती विचारतेय,
दोघींना एकाच वेळी देता येईल का."

तिची लस माझ्या यादीत नव्हती. मी तसं सांगितलं.
आईनं बाही खाली केली नाही.
तशीच बसली, उघडा दंड लेकीच्या उघड्या दंडाला लावून.
मी मधला एक पुसला.

डावा दंड. अर्धा मिली. दहा वाजून सतरा.
नोंदवहीत त्याहून जास्त जागा नाही.
पंधरा मिनिटं दोघी भिंतीपाशी बसल्या होत्या,
एकमेकींशी न बोलता.
नऊ-दहा मिनिटांनी आईचा डोळा लागला,
तिच्या कोपराचं पीस मुलीनं काढलं,
कुठे ठेवावं कळेना, म्हणून मुठीत धरलं.

फॉर्मवर शेवटी छापलेलं असतं: मला हे समजले आहे.
तीस वर्षं मी त्याखालची सही तेवढी तपासते.
पेटीतला बर्फ हलवून बघितला. पाणी.
पुढचं नाव पुकारलं.