जड पाणी

दिवाडीतल्या आमच्या विहिरीचं पाणी जड.
डाळ शिजत नाही, साबण फेसत नाही,
किटलीच्या तोंडाशी पांढरी खपली.
गेल्या मेमध्ये माझ्या मूत्रपिंडातून
चार मिलिमीटरचा खडा निघाला.
काडेपेटीत ठेवलाय.

म्हापशाचा सेराफिन म्हणाला, बाय,
हेंच उदक जाय तांकां.
पंप नको, गॅसची नळी नको.
तळाला कुळागरातली चाळलेली माती,
वर दोन बोटं वाळू,
बशी ठेवून बशीवर पाणी ओत,
दगडाला शेवाळ दोऱ्यानं बांध,
खिडकीचं ऊन पुरे.
आणि दीड महिना थांब.

दीड महिना मी रिकाम्या पाण्याशी बसले.
ते दुधाळ झालं, मग हिरवं,
मग एका सकाळी, काही झालंच नसल्यासारखं, नितळ.
शेजारची आनासिता म्हणाली,
सुंगटं लोक हुमणात घालतात गो.

फेरीबोटीतून पिशवी छातीशी धरून आणली.
बाराजणी, शिताएवढ्या,
पिंजरीच्या रंगाच्या.

पाचव्या दिवशी वाळूवर एक मेलेली,
मिशांसकट, डोळ्यांसकट.
चिमट्यानं उचलली
तर आत कोणीच नाही.
मोजल्या. पुन्हा मोजल्या.
बाराच्या बारा.
एक शेवाळाआड, मऊ, अंग चोरून,
पाठ घट्ट व्हायची वाट बघत
त्याच पाण्यात.

डॉक्टर म्हणाले, फिल्टर बसवा.
बसवलाय, माझ्यापुरता.
रविवारी एक बादली
अजून रहाटावरूनच येते.