एक लाख तीन

मानवतच्या वजनकाट्यावर
सरकीचा ट्रक येईस्तोवर
रज्जाक मुनीम पावती पालथी घालतो
आणि तिच्याच नंबराला भागत बसतो.

दोनानं एक उरला. तिनानंही एक.
सातानं वाटलं, जाईल भाग,
तर तिथंही एकच,
जेवणावळीनंतर दारात राहिलेल्या चपलेसारखा.
तेरानं सात.

तीनशे तेराच्या पुढं जायची गरज नाही,
हे जिंतूरच्या नाईकवाडे बाईंनी शिकवलेलं.
पासष्ट वेळा भागलं,
पासष्ट वेळा काहीतरी उरलंच.

एकाच्या पाढ्यात पार तळाशी,
स्वतःच्या पाढ्यात पहिला,
मधे कुठंच नाही गडी.

हॉर्न वाजतो.
पाठीवरच्या भागाकारासकट
पावती ड्रायव्हरच्या खिशात जाते.
त्यानं फक्त वजन बघितलं.

पुढची, एक लाख चार,
मुकाट चौघांत वाटली जाते.